गाळलेले आवाज

त्रिशला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. तिचे ओठ हलत होते, हातातला कालथा बोलण्याच्या ओघात वरखाली होत होता. पण आवाज येत नव्हता.

अभिनंदननं चहाचा कप खाली ठेवला. कुकरची शिट्टी त्याला ऐकू आली. खालच्या गल्लीतून कुणीतरी "मगदूमशेठ आहेत का घरात?" असं विचारलेलंही स्पष्ट ऐकू आलं. मग हिचाच घसा बसला असेल, असं त्याला वाटलं. तेवढ्यात ओट्यावरच्या फोनमधून त्यांची मुलगी चंदना पुण्याहून म्हणाली, "हो आई, कळलं. तू सांगून ठेव त्यांना."

म्हणजे त्रिशलाचा आवाज पुण्याला पोचत होता आणि समोरच्या खुर्चीपर्यंत पोचत नव्हता.

अभिनंदननं दोन्ही कानांवर बोटं दाबून पाहिली. त्रिशला बोलायची थांबली आणि उत्तराची वाट बघत त्याच्याकडं पाहू लागली.

"हं," तो म्हणाला.

तिनं मान हलवली आणि ती आत गेली. आपल्या एका 'हं'नं तिचं समाधान झालं, हे बघून त्याला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं.

अभिनंदन मगदूमचं सगळं आयुष्य इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात गेलं होतं. शाळा सुटल्यावर तो वडिलांच्या कारखान्यात उभा राहिला तो तिथलाच झाला. जुने धोट्याचे माग गेले, हवेच्या झोतावर चालणारे नवे माग आले, पण तोवर कान जायचे ते गेलेच होते. पन्नाशी ओलांडल्यावर समोरचा माणूस विहिरीच्या तळातून बोलतोय असं त्याला वाटू लागलं. तो वाईट माणूस नव्हता. अडल्यानडलेल्याच्या दारात उभा राहायचा, लग्नकार्यात पुढं असायचा. बोलायला मात्र बसला की त्याला थांबवणं कठीण. कुणी आपलं दुखणं सांगायला लागलं की त्याला लगेच स्वतःचं दुखणं आठवायचं, आणि मग पुढं तेच चालायचं. गावात याचं कुणाला नवल नव्हतं. शेठ माणूस आहे, बोलणारच.

सांगलीच्या डॉक्टर मेहजबीन मुजावर यांनी त्याच्या कानात मणी बसवले, तेव्हा त्याला पुनर्जन्म झाल्यासारखं वाटलं होतं. मणी म्हणजे हरभऱ्याएवढं, कातडीच्या रंगाचं यंत्र. कानाच्या नळीत ते घट्ट बसायचं आणि बाहेरचा आवाज पूर्ण बंद करून, निवडलेला तेवढाच आत सोडायचं. आधीची यंत्रं सरसकट सगळंच मोठं करायची. त्यात माग, पंखा, माणूस सगळं एकाच मापानं मोठं व्हायचं. मण्यांना मात्र निवड करता येत होती. गर्दीच्या मांडवातसुद्धा ज्याच्याशी बोलतोय त्याचाच आवाज स्वच्छ यायचा. अभिनंदन भेटेल त्याला मण्यांचं कौतुक सांगत सुटला होता.

आणि आता त्याला बायकोचा आवाज येत नव्हता.

"मणी बिघडलेत," डॉक्टरांच्या खोलीत बसायच्या आधीच तो म्हणाला.

डॉक्टर मुजावरांनी मणी काढले, तपासले आणि परत बसवले. त्या चंदनाच्याच वयाच्या होत्या. "मणी ठणठणीत आहेत, काका."

"मग घरातल्यांचा आवाज का येत नाही?"

"फक्त काकूंचाच येत नाही, की आणखी कुणाचा?"

अभिनंदन सांगायला गेला की फक्त तिचाच, आणि थांबला. कारखान्यात मागांची देखभाल करणारा जॉबर सिद्राम हल्ली गप्पगप्पच असायचा. शेजारचे आलासे भेटले की नुसते हसायचे. मंदिरातली मंडळी त्याच्यासमोर फार बोलत नसत. आता वय झालं, लोक मान ठेवून मध्ये बोलत नाहीत, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

"मी तुम्हाला दाखवते," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरचा पडदा सुरू केला. त्यावर एक हिरवी रेघ थरथरत होती. "माणूस बोलतो तेव्हा आवाज वर-खाली होतो, बरोबर? ज्याचं बोलणं आपण मन लावून ऐकतो, त्याच्या आवाजाबरोबर आपल्या मेंदूतल्या विजेच्या लाटाही तशाच वर-खाली होतात. ज्याच्याकडं लक्ष नाही त्याच्या आवाजाबरोबर होत नाहीत. त्या लाटा कानाच्या आतल्या कातडीवरून मोजता येतात. मणी तेच करतात. लाटा कुणाच्या आवाजाशी जुळतात ते बघतात आणि तो आवाज मोठा करतात. ही हिरवी रेघ म्हणजे तुमचं लक्ष. आता तिच्याकडं बघत राहा. तुमच्या डाव्या कानाची नस उजव्यापेक्षा जास्त दुखावलेली आहे, त्यामुळं तुम्हाला..."

हिरवी रेघ त्यांच्या बोलण्याबरोबर चढत-उतरत होती. मग ती हळूहळू खाली आली, आणि अभिनंदनला कळायच्या आत डॉक्टरांचा आवाज झिजत झिजत नाहीसा झाला. त्यांचे ओठ चालू होते. हातांनी त्या काहीतरी उंच, पायऱ्यांसारखं दाखवत होत्या. खोली पाण्याखाली गेल्यासारखी शांत झाली. रेघ आडवी पडली होती.

"...म्हणून काका, तुमच्या बाबतीत..." आवाज परत आला. रेघ उसळली.

"मधे तुम्ही बोलायच्या थांबला होता," तो कसाबसा म्हणाला.

"थांबले नव्हते. माझ्या अम्मीचं सांगत होते. तिचे गुडघे गेलेत आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे."

अभिनंदन खुर्चीत पुढं सरकला. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, हात कानामागं धरला. "परत सांगा. आता मी ऐकतो."

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. तो आणखी वाकला, डोळे बारीक केले. हिरवी रेघ हलली नाही. तिच्या वर मात्र एक पिवळी रेघ ताठ चढलेली होती.

डॉक्टरांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि त्याला ऐकू जाईल असं, त्याचंच नाव घेऊन म्हणाल्या, "अभिनंदनकाका, माणूस मनात स्वतःशी बोलत असतो तेव्हा ही पिवळी रेघ वर जाते. तुम्ही आत्ता ऐकत नव्हता. आपण कसे ऐकतोय ते बघत होता."

तो चिडला. इतकी वर्षं संसार केला, मुलगी शिकवली, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं, आणि एक यंत्र मला शिकवणार का, असं बरंच काही तो बोलला. त्याचा स्वतःचा आवाज मण्यांतून सुरेख येत होता. डॉक्टरांनी त्याला बोलू दिलं. मग त्यांनी सांगितलं की आधीच्या मण्यांना लक्ष ओळखायला थोडा वेळ लागायचा आणि वाक्याची सुरुवात निसटायची. म्हणून या मण्यांना अंदाज बांधायला शिकवलेलं होतं. हा माणूस कुणाचं ऐकतो, कुठल्या विषयावर त्याचं लक्ष टिकतं आणि कुठं सुटतं, हे ते रोज शिकतात आणि पुढच्या वेळी आधीच आवाज सोडतात किंवा गाळतात.

"हे वाढत जाईल?" अभिनंदननं विचारलं. त्याचा आवाज आता खाली आला होता.

"वाढतंय. जे ऐकू येत नाही त्याकडं लक्ष जात नाही, आणि जिकडं लक्ष जात नाही ते मणी गाळतात. असंच चाललं तर शेवटी तुम्हाला फक्त तुमच्याबद्दलचं बोलणं ऐकू येईल."

"मग तो अंदाज बंद करून टाका."

"करते. पण मग सगळे आवाज एकदम येतील. त्यातून एक वेगळा काढायची ताकद तुमच्या कानात उरलेली नाही. दुसरा एक उपाय आहे, पण तो माझ्या हातात नाही. पुढं काय ऐकायला मिळणार याची खरी उत्सुकता असली की मेंदू आवाजाच्या आधीच कान टवकारतो. रेघ आधी हलते, आणि ती हलली की मणी आवाज सोडतात. ढोंगानं ती हलत नाही, ते तुम्ही आत्ता पाहिलंत. घरी काकूंना सरळ सांगा की तुझं बोलणं मला ऐकू येत नाही. पुन्हा पुन्हा सांगायला सांगा. माझ्याकडं असे बरेच जण येतात, काका. घरी कुणी सांगत नाही."

अभिनंदननंही सांगितलं नाही.

काय सांगणार होता? कान गेलेत, हे सांगण्यात कमीपणा नव्हता. सगळ्या गावाचे गेले होते. पण कान चालतात, यंत्र चालतं, तुझाच आवाज तेवढा येत नाही, आणि का येत नाही तेही मला ठाऊक आहे, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या संध्याकाळी त्यानं फोनवरच्या बटणानं मण्यांचा अंदाज बंद करून पाहिला. पंखा, मिक्सर, रस्ता, भांडी आणि त्रिशला, सगळ्यांचा एकच गोळा होऊन डोक्यावर आदळत राहिला. जेवण संपायच्या आत त्यानं अंदाज परत चालू केला. गोळा विरला. त्रिशलाही विरली.

मग तो निभावून न्यायला शिकला. तिच्या भुवया वर गेल्या की प्रश्न आहे, म्हणजे "बघू" म्हणायचं. खाली आल्या की नुसतं "हं". फोनवर समोरच्याचं बोलणं अक्षरांत उमटवायची सोय होती, पण बायकोसमोर फोन धरून बसायचं तर तिनं कारण विचारलं असतं. ती समोर बसून बोलायची, कधी बराच वेळ बोलायची, एकदा तर बोलता बोलता तिनं पदरानं डोळे पुसले. तो म्हणाला, "हं." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि उठून गेली. तिला काय झालं होतं हे विचारायची सोयच उरली नव्हती. कारण तिनं ते नुकतंच सांगितलेलं होतं.

कारखान्यात त्याला आता भीती वाटायची. माग चालत, पण मण्यांमुळं सगळं निःशब्द असे, आणि त्या शांततेत माणसं तोंडं हलवत फिरत. कुणी हसतंय ते कशाला, कुणी ओरडतंय ते कुणावर, काही कळत नसे. एका सकाळी सुताचं बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, लादलेली ढकलगाडी उतारावरून सुटली. तो पाठमोरा उभा होता. सगळेच ओरडले असणार. सिद्रामनं त्याचा सदरा धरून त्याला भिंतीकडं ओढलं आणि गाडी त्याच्या कमरेला घासून पुढं दारावर आदळली. सिद्राम थरथरत त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी विचारत होता. त्यातलं "शेठ, तुम्हाला" एवढंच आलं. पुढचं आलं नाही.

त्यानंतर आवाज तुटून येऊ लागले. माणूस नाहीसा होण्याऐवजी वाक्यच मधून नाहीसं व्हायचं. त्याच्याबद्दलचा तुकडा आत यायचा, बाकीचा बाहेर राहायचा. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच होत होतं. रात्रीची झोप उडाली. आपण मेल्यावर माणसं आपल्याविषयी बोलतील तेवढंच ऐकू येत राहील, असं काहीतरी वेडंवाकडं त्याच्या मनात यायचं.

अशात एका दुपारी तो जेवायला घरी आला तर दार लॅचनं बंद होतं.

त्यानं आपल्या किल्लीनं दार उघडलं. ओट्यावर जेवण झाकून ठेवलेलं होतं. त्रिशला नव्हती. त्यानं हाक मारली आणि मग हाक मारण्यातला वेडेपणा त्याच्या लक्षात आला. तिनं ओ दिली असती तरी ती त्याला ऐकू आली नसती. न्हाणीघरात पडली असेल, ओरडत असेल, आणि आपण इथं उभे असू. तो धावत न्हाणीघरात गेला, गच्चीवर गेला, मागच्या बोळात गेला. कपाटापाशी आल्यावर तिची कापडी पिशवी आणि चार साड्या नाहीत, एवढं त्याला कळलं.

शेजारच्या आलासेवहिनी दारात आल्या. "अहो मगदूमदादा, तुम्ही इथं कसे?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मिटला. त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. तोंडावर आश्चर्य होतं, आणि हळूहळू त्या आश्चर्याची नाराजी झाली.

त्यानं चंदनाला फोन लावला. "पप्पा, तुम्ही," एवढं आलं. मग पोकळी. मग "तुम्हाला". मग परत पोकळी. आपण एका भोकाभोकाच्या भिंतीला कान लावून उभे आहोत आणि पलीकडं काहीतरी भयंकर घडतंय असं त्याला वाटलं. त्यानं फोन डोळ्यांसमोर धरला आणि अक्षरं चालू केली. ती एकेक ओळ उमटत गेली.

मी आईजवळ मिरजेत आहे. आज तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मघाशीच आत नेलंय. काचबिंदू आहे, पप्पा, हे तुम्हाला माहीत आहे. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डावा वाचतो का बघायचंय. तिनं तुम्हाला कितीदा सांगितलं. येणार का विचारलं तर तुम्ही बघू म्हणालात. मी सांगितलं तेव्हाही हं म्हणालात. आता कुठं आहात?

तो भिंतीला टेकला. मागच्या आठवड्यात तिच्या हाताचा धक्का लागून पाण्याचा तांब्या पडला होता. दाराच्या चौकटीवर ती आदळली होती तेव्हा, बघून चालावं माणसानं, असं तो म्हणाला होता. सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं. त्यासाठी कानांची गरजच नव्हती.

मिरजेच्या वाटेवर गाडी चालवताना तो मोठमोठ्यानं बोलत होता. त्रिशलाला काय सांगायचं ते जुळवत होता: मला माहीत नव्हतं, माझी काय अवस्था झालीय तुला ठाऊक नाही, मी किती महिने एकटा भोगतोय. अंकलीच्या पुलावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की मागून येणाऱ्या गाड्यांचे भोंगे त्याला येत नव्हते, वाऱ्याचा आवाज येत नव्हता, टायरांचा येत नव्हता. नदी ओलांडेपर्यंत त्या सगळ्या जगात एकच आवाज होता, आणि तो त्याचा स्वतःचा होता. स्वच्छ, भरदार, जवळून आलेला. त्यानं तोंड मिटलं. मग काहीच उरलं नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर चंदना उभी होती. ती बोलायला लागली तसं त्यानं तिचे दोन्ही खांदे धरले.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तुझ्या आईचं बोलणं येत नाही. तुझंही आता येत नाही. मणी चांगले आहेत. माझंच लक्ष नसतं म्हणून ते गाळतात. मी कुणाला बोललो नाही."

चंदना त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि त्याच्या मागं कणव होती, ती तिला लपवता आली नाही. आत फोन न्यायला बंदी होती, म्हणून तिनं त्याचा फोन काढून घेतला, दाराकडं बोट दाखवलं आणि हातातली औषधांची चिठ्ठी दाखवून ती खाली गेली.

खोलीत थंड उजेड होता. त्रिशलाच्या डाव्या डोळ्यावर जाड पट्टी होती. उजवा उघडा होता, पण तो छताकडं लागलेला होता आणि दारात कुणी आल्याचं त्याला कळलं नाही. अभिनंदननं जवळ जाऊन तिचा हात धरला. ती दचकली आणि तिनं हात झटकन ओढून घेतला. तिचे ओठ हलले. दोनच अक्षरं होती. ती त्याला ओठांवरून वाचता आली: कोण?

"मी आहे," तो म्हणाला.

ती लगेच बोलायला लागली. भराभर बोलत होती. ही आपल्याला विचारतेय, इतका वेळ कुठं होता म्हणून विचारतेय, असं त्याला वाटलं, आणि वाटेत जुळवलेलं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडू लागलं. "त्रिशला, मला खरंच माहीत नव्हतं. मी घरात आलो आणि तू नाहीस, माझी काय दशा झाली असेल..."

तिचा हात हवेत चाचपडत वर आला, त्याच्या हनुवटीला लागला आणि सरळ त्याच्या तोंडावर दाबून बसला.

संसारात तिनं असं कधी केलं नव्हतं. तो गप्प झाला. तोंडावर तिची बोटं होती आणि तिचा दुसरा हात बाजूला कुठंतरी दाखवत होता. ती अजून बोलत होती. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो चेहरा त्याच्याकडं वळलेलाच नव्हता. त्यावर भीती होती, पण ती डोळ्याची भीती नव्हती, आणि अभिनंदनशी तर तिचा काहीच संबंध नव्हता. मग ही कशाला घाबरलीय? तिला काय झालंय? काय सांगतेय ही?

एखाद्या भिंतीपलीकडून यावा तसा आवाज आला. आधी नुसती कुजबुज, मग खरखर, मग शब्द.

"...मघापासून कण्हत होत्या. आता हाकेला ओ देईनात. श्वास कसा घेतायत बघा हो. सिस्टरला बोलवा आधी."

तो वळला. शेजारी आणखी एक खाट होती. ती तिथं आहे हे त्यानं आत येताना पाहिलंही नव्हतं. तिच्यावर एक म्हातारी बाई एकटीच पडलेली होती. चेहरा घामानं डबडबलेला, जबडा सुटलेला, एक हात खाटेखाली लोंबत होता. त्यानं तो हात उचलला. तो गार होता.

तो बाहेर धावला. सिस्टर बरीच लांब, टेबलाशी होती. "आतल्या आजी बोलत नाहीत," तो म्हणाला. "घाम आलाय. हात गार पडलाय. आधी कण्हत होत्या म्हणे." सिस्टर त्याच्या पुढं पळाली. मग डॉक्टर आले, बोटाला सुई टोचली गेली, हाताच्या शिरेत काहीतरी भरलं गेलं. रक्तातली साखर उतरली होती, असं त्याला नंतर कळलं. सकाळपासून उपाशी ठेवलेल्या, मधुमेहाच्या आजी, आणि त्यांची माणसं खाली चहाला गेलेली.

अभिनंदन त्रिशलाच्या खाटेशी परत आला. ती उशीवरून मान उचलून कानोसा घेत होती.

"काय चाललंय?" तिनं विचारलं. तेवढं आलं. "मला काही दिसत नाही. सांगा की."

"डॉक्टर आहेत. दोन सिस्टर आहेत. सलाईनची बाटली लावलीय." काय सांगायचं हे कळायला त्याला बघावं लागत होतं. "तोंड अजून पांढरं आहे. एक सिस्टर गालावर थापट्या मारतेय. थांब. पापण्या हलल्या. डोळे उघडले बघ. कुणालातरी शोधतायत. आता पाणी मागितलं वाटतं."

त्रिशलानं मान उशीवर टाकली. तिचे ओठ पुन्हा हलले आणि या वेळी आवाज आला नाही. नेहमीचा 'हं' जिभेवर आला होता, तो त्यानं गिळला.

"त्रिशला," तो म्हणाला, "तुझा आवाज मला येतो आणि जातो. बरेच महिने येतच नव्हता. तू सांगायचीस आणि मी हं म्हणायचो. या डोळ्याचं मला काहीच माहीत नव्हतं. मण्यांमुळं झालं ते, पण मणी माझ्यावरूनच शिकतात."

पलीकडच्या खाटेभोवतीची माणसं पांगली. मग तिनं काहीतरी म्हटलं. छोटंसंच वाक्य होतं.

"नाही आलं," तो म्हणाला. "परत सांग."

तिनं परत सांगितलं. तो तिच्या ओठांकडं बघत होता. हे वाक्य आपल्याला आवडणारं नसणार, हे त्याला दिसत होतं, आणि तरी ते हवं होतं.

"आणखी एकदा."

"मणी नव्हते तेव्हा तरी कुठं येत होता," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण त्यातलं अक्षरही गाळलं गेलं नाही. अभिनंदनच्या मनात लगेच उत्तर तयार झालं. किती केलं मी तुमच्यासाठी, इथून सुरू होणारं ते उत्तर होतं आणि त्याचा प्रत्येक शब्द त्याला पाठ होता. मनात ते सुरू झाल्याबरोबर खोलीतला पंख्याचा आवाज मावळायला लागला, तसा तो हादरला. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"पहिल्यांदा कधी कळलं तुला?" त्यानं विचारलं. "डोळ्याचं."

ती थोडा वेळ अंदाज घेत असावी, हा नुसता विचारतोय की ऐकणारही आहे. डावा डोळा वाचला, हे पट्टी निघाल्यावर कळलं. त्या दुपारी ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, आणि तिचा हात धरून बसलेल्या माणसाला अधूनमधून काही शब्द.

"सुई ओवताना," ती म्हणाली. "दोरा दिसायचा, सुई दिसायची, आणि बाजूचा हात..."

आवाज तुटला.

"बाजूचा हात," तो घाईनं म्हणाला. "तिथपर्यंत आलं. पुढं?"

तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सुई, दोरा, नाहीसा झालेला हात. मग देवळाच्या पायऱ्या, त्यातली शेवटची पायरी तिला नसल्यासारखी वाटायची. कुठं आवाज गेला की तो तिची बोटं दाबायचा आणि ती ते वाक्य पुन्हा म्हणायची. चंदना औषधं घेऊन वर आली आणि दारातच थांबली. त्यांना ती दिसली नाही. त्रिशला सांगत होती, आणि पुढचा शब्द येतो की नाही या धास्तीनं अभिनंदन श्वास रोखून बसला होता.